तरंगत्या दुकानातून सिटी हॉलकडे

[दृश्य : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं न्यू यॉर्क. घोड्यांच्या ट्राम, गोदीतली गर्दी, सिटी हॉलची इमारत.]

नोव्हेंबर १८८०. न्यू यॉर्क शहराची वस्ती बारा लाखांच्या वर गेली होती. त्यातले लाखो लोक आयर्लंडमधून आलेले, नाहीतर तिथून आलेल्यांची मुलं. गोदीत ओझी उचलणारे आयरिश, बांधकामावर विटा वाहणारे आयरिश, चौकात उभा असलेला पोलीसही बहुधा आयरिश. शहराच्या राजकारणात त्यांच्या मतांवाचून पान हलत नव्हतं. पण महापौराच्या खुर्चीवर आजवर एकही कॅथलिक माणूस बसला नव्हता.

त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षानं ज्याला उभं केलं, तो कॅथलिकही होता आणि आयर्लंडमध्ये जन्मलेलाही. वकील नाही, पुढारी नाही. याआधी त्यानं एकही निवडणूक लढवलेली नव्हती. तो होता व्यापारी. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत त्याचं नाव ज्याला माहीत नाही असा जहाजाचा कप्तान सापडला नसता. त्याच्या गावात, म्हणजे न्यू यॉर्कमध्ये, मात्र अनेक मतदारांनी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. विल्यम रसेल ग्रेस.

[दृश्य : आयर्लंडचा नकाशा, क्वीन्स काउंटी ठळक. मग ओसाड पडलेल्या दगडी घरांची चित्रं.]

विल्यमचा जन्म १८३२ सालचा. घराणं क्वीन्स काउंटीतलं, आज त्या भागाला लीश म्हणतात. ग्रेस मंडळी खाऊनपिऊन सुखी, जमीनजुमला बाळगून असलेली. म्हणजे १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडलं आणि आयर्लंडमध्ये दुष्काळानं सुमारे दहा लाख माणसं गेली, तेव्हा उपाशी मरणाऱ्यांत हा मुलगा नव्हता. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढं त्याच्याभोवती रंकाचा राव झाल्याची कथा रचली गेली आणि ती खरी नाही. पण भोवतालचा देश रिकामा होत चालला होता, आणि ते त्यानं पाहिलं होतं.

चौदाव्या वर्षी तो घरातून पळाला आणि जहाजावर चढला. न्यू यॉर्कला पोचला, मिळेल ते काम केलं, दोनेक वर्षांनी परत घरी आला. वडील जेम्स ग्रेस यांनी ओळखलं असावं की हा पोरगा शेतीवाडीत रमणार नाही. त्यांनी त्याला लिव्हरपूलमध्ये जहाजांच्या धंद्यात घातलं.

आणि मग १८५१ मध्ये बापलेक निघाले ते थेट पेरूला.

[दृश्य : शिडाचं जहाज, केप हॉर्नचा खवळलेला समुद्र. त्यानंतर कायाओ बंदर, मागं उघडेबोडके डोंगर.]

बेत असा होता : लिमाजवळ एका आयरिश डॉक्टरचा उसाचा मळा आहे. तिथं हात कमी पडतात. आयर्लंडमध्ये हात भरपूर आहेत, पोटाला नाही. तेव्हा माणसं तिकडं न्यावीत. जेम्स ग्रेस यांनी सुमारे १८० आयरिश माणसांना जहाजात बसवलं आणि पेरूला नेलं.

बेत फसला. परकी हवा, परकी भाषा, आजार, आणि उसाच्या मळ्यातलं ते राबणं. वसाहत मोडली, माणसं पांगली. वडील मायदेशी परतले. विल्यम मात्र तिथंच राहिला. लिमाचं बंदर कायाओ. तिथं ब्राइस यांची पेढी होती, येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना दोरखंड, शिडाचं कापड, डांबर, खारवलेलं मांस, पीठ, पिण्याचं पाणी असा सगळा माल पुरवणारी. विल्यम तिथं नोकरीला लागला. स्पॅनिश शिकला. थोड्याच वर्षांत तो त्या पेढीचा भागीदार झाला आणि पाटीवर ब्राइस नावाच्या जोडीला ग्रेस आलं.

[दृश्य : चिंचा बेटं. खडकांवर पक्ष्यांचे थवे. मग जुनी छायाचित्रं : बेटाभोवती डोलकाठ्यांचं रान.]

पेरूच्या किनाऱ्यापासून जवळच, पिस्को गावासमोर, चिंचा नावाची तीन लहान बेटं आहेत. बाजूनं थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यात अफाट मासळी, आणि त्या मासळीवर जगणारे लाखो समुद्रपक्षी. पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळं पक्ष्यांची विष्ठा धुऊन न जाता शतकानुशतकं साचत राहिली आणि तिचे अनेक मीटर जाडीचे थर झाले. हाच ग्वानो. नत्र आणि स्फुरद यांनी भरलेलं खत. युरोप-अमेरिकेतल्या कसून कसून थकलेल्या जमिनींना ते मिळालं तेव्हा पिकं अशी तरारली की मागणी थांबेना. पेरूच्या सरकारी तिजोरीचा मोठा हिस्सा काही दशकं या एका वस्तूवर चालला.

जहाजं इतकी येत की भरायला जागा नसे. कधीकधी शंभराहून जास्त जहाजं बेटांभोवती नांगर टाकून उभी असत. आपला नंबर लागेपर्यंत महिनोन्‌महिने वाट पाहायची. बेटावर गोडं पाणी नाही, झाड नाही, काही पिकत नाही. खलाशांचं खाणं संपलं, दोर तुटला, शिड फाटलं, तर कप्तानानं जायचं कुठं? कायाओ दूर, आणि एकदा तिकडं गेलं की इकडचा वेळ फुकट.

ग्रेसनं पेढीला सुचवलं : गिऱ्हाईक आपल्याकडं येत नसेल तर दुकान गिऱ्हाइकाकडं नेऊया. एक जहाज मालानं भरून चिंचा बेटांजवळ कायमचं नांगरून ठेवलं, आणि तो स्वतः त्यावर राहायला गेला. तरंगतं दुकान. या दुकानावरच त्याच्या पुढच्या सगळ्या वैभवाचा पाया घातला गेला. ग्वानो खणणारे आणि विकणारे दुसरेच होते. त्यानं हेरली ती वाट पाहत अडकलेल्या माणसांची गरज. पुढं न्यू यॉर्कच्या राजकारणातही त्याच्या हाती जे आलं ते याच नजरेमुळं, असं मला वाटतं. दोन गट एकमेकांत अडकून पडलेले असताना दोघांनाही हवा असलेला माणूस म्हणून तो तिथं हजर होता.

लिलियस गिलख्रेस्टची आणि त्याची गाठही या बेटांपाशीच पडली. मेन राज्यातल्या एका जहाजबांधणी करणाऱ्या घरातली ही मुलगी. वडिलांचं जहाज ग्वानो भरायला आलं होतं, त्यावर तीही होती. १८५९ मध्ये त्यांचं लग्न झालं. पुढं त्यांना अकरा मुलं झाली.

[दृश्य : बेटावरच्या खाणींची रेखाचित्रं. कुदळी, ढकलगाड्या, धुळीचा लोट. संगीत थांबतं.]

इथं जरा थांबायला हवं. त्या बेटांवर कुदळ कोण मारत होतं?

मुख्यतः चिनी मजूर. १८४९ ते १८७४ या काळात नव्वद हजारांच्या आसपास चिनी माणसं करारानं पेरूत आणली गेली. करार साधारण आठ वर्षांचा. कागदावर करार, प्रत्यक्षात गुलामीच. पेरूनं १८५४ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपवली, पण तिची जागा या करारानं घेतली. त्यातल्या ज्यांच्या नशिबी चिंचा बेटं आली, त्यांचे हाल सर्वांत वाईट. अमोनियाचा उग्र दर्प डोळ्यांत आणि छातीत भिनायचा. रोजचं ठरलेलं खणून झालं नाही तर चाबूक. कड्यावरून समुद्रात उड्या घेऊन जीव देणाऱ्यांबद्दल त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे.

ग्रेसच्या हातात तो चाबूक नव्हता. पण त्याच्या दुकानाच्या डेकवरून ती बेटं दिसत होती. ज्या जहाजांना त्यानं पीठ आणि दोरखंड विकले, ती हाच माल भरून जात होती. ग्रेसच्या औदार्याच्या गोष्टी पुढं येणार आहेत आणि त्या खऱ्या आहेत. त्या सांगताना या माणसांना वगळलं, तर ती अर्धवट हकीकत होईल.

[दृश्य : न्यू यॉर्क, हॅनोव्हर स्क्वेअर परिसर. पेढ्यांच्या पाट्या, बंदराकडं जाणाऱ्या गल्ल्या.]

प्रकृती ढासळली म्हणून ग्रेस यांनी पेरू सोडलं. धाकटा भाऊ मायकल तिथला व्याप सांभाळू लागला आणि विल्यम यांनी १८६५ च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस अँड कंपनी उभी केली. एक भाऊ या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मधे जहाजं.

पेरू तेव्हा आंडीज पर्वतावर रेल्वे चढवायला निघालं होतं. हेन्री मेग्ज नावाचा अमेरिकन कंत्राटदार चार हजार सातशे मीटरहून अधिक उंचीपर्यंत रूळ नेण्याचा घाट घालत होता. त्याला लाकूड, रूळ, यंत्रं पुरवणाऱ्यांत ग्रेस बंधू आघाडीवर. पेरूचं सरकार त्यांचं गिऱ्हाईक झालं, मग त्यांच्यावर विसंबू लागलं. १८७९ मध्ये चिलीशी युद्ध पेटलं तेव्हा पेरूला शस्त्रं मिळवून देण्यातही ग्रेस यांचा हात होता. ते युद्ध पेरू हरलं.

आणि त्याच सुमाराला आयर्लंडमध्ये पुन्हा बटाटा बुडाला. १८८० च्या वसंतात अमेरिकेच्या आरमाराचं कॉन्स्टेलेशन हे जुनं शिडाचं जहाज अन्नधान्य घेऊन आयर्लंडला गेलं. त्या मदतीत ग्रेस यांचा वाटा मोठा होता. न्यू यॉर्कच्या आयरिश वस्त्यांत त्यांचं नाव पोचलं ते तेव्हा.

[दृश्य : टॅमनी हॉलची इमारत, त्या काळची राजकीय व्यंगचित्रं.]

न्यू यॉर्कमधला डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे मुख्यतः टॅमनी हॉल. वॉर्डावॉर्डात माणसं, नवख्या आयरिश माणसाला नोकरी, हिवाळ्यात कोळसा, मयताला खर्च, आणि बदल्यात मत. या यंत्रणेचा सूत्रधार तेव्हा जॉन केली, टोपणनाव ‘ऑनेस्ट जॉन’. केलीविरुद्ध पक्षातच दुसरा गट उभा होता. अध्यक्षपदाची निवडणूक त्याच दिवशी होती, भांडण परवडणारं नव्हतं. तडजोड म्हणून दोन्ही गटांना चालेल असं नाव निघालं, ते ग्रेस यांचं. व्यापारी माणूस, श्रीमंत, राजकारणात कोरा. केलीचा हिशेब सरळ होता : हा आपलं ऐकेल.

प्रचार विखारी झाला. न्यू यॉर्क टाइम्ससारखी वर्तमानपत्रं विरोधात गेली. मुद्दा एकच, धर्म. शहराच्या शिक्षण मंडळावरचे सदस्य महापौर नेमत असे. कॅथलिक महापौर आला की शाळा चर्चच्या ताब्यात जाणार, पोपचं राज्य येणार, अशी भीती घरोघर पेरली गेली. निकाल लागला तेव्हा रिपब्लिकन विल्यम डाउड यांच्यावर ग्रेस यांनी जेमतेम तीन हजार मतांनी मात केली होती. दोघांना मिळून दोन लाख मतं पडली होती, त्यात तीन हजार.

१ जानेवारी १८८१ रोजी त्यांनी सूत्रं हाती घेतली.

[दृश्य : बर्फ आणि कचऱ्यानं तुंबलेला रस्ता. कडेला मेलेला घोडा.]

आपल्याकडं महापौर हे मानाचं पद, कारभार आयुक्त बघतात. न्यू यॉर्कचा महापौर स्वतः कारभारी, पण तेव्हा हातपाय बांधलेला कारभारी. खातेप्रमुख नेमायचा तर नगरसेवकांची संमती लागे. काढायचा तर राज्याच्या गव्हर्नरची. मधल्यामधे टॅमनीची माणसं खात्याखात्यांत बसलेली.

पहिला झगडा झाला कचऱ्यावरून. रस्ते झाडायचं काम तेव्हा पोलीस मंडळाकडं होतं, आणि पोलीस मंडळ म्हणजे पक्षाच्या माणसांना पोसायचं कुरण. त्या हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ, राख, लीद यांचे ढीग महिनोन्‌महिने पडून राहिले. दाटीच्या चाळींत रोगराई पसरली. नागरिकांच्या सभा झाल्या. ग्रेस उघडपणे त्यांच्या बाजूनं उभे राहिले. राज्याच्या विधिमंडळात बरीच ओढाताण झाली आणि १८८१ मध्येच रस्ते सफाईचं स्वतंत्र खातं निघालं. आज न्यू यॉर्कचा कचरा जे खातं उचलतं, त्याची सुरुवात इथली.

लुइझियाना राज्यातून चालणाऱ्या लॉटरीचा शहरातला पसारा त्यांनी मोडून काढला. पोलीस खात्यातले गैरव्यवहार चव्हाट्यावर आणले. नेमणुकांसाठी टॅमनीनं पुढं केलेली नावं नाकारली. केलीचा हिशेब चुकला होता. वर्षाच्या आतच दोघांचं बिनसलं आणि १८८२ मध्ये पक्षानं ग्रेस यांना तिकीट दिलं नाही. ते निमूटपणे पेढीवर परतले.

मला या माणसाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथं. पद त्यांना केलीनं दिलं होतं. मिंधं राहून ते टिकवणं सोपं होतं, आणि बहुतेकांनी तेच केलं असतं. ग्रेस यांना पैशाची गरज नव्हती म्हणून त्यांना हे जमलं, असं कोणी म्हणेल. पण पैशाची गरज नसलेले कितीतरी लोक सत्तेपुढं वाकलेले त्या शहरानं पाहिले होते.

[दृश्य : १८८४ च्या प्रचारसभा, मशालींचे मोर्चे.]

दोन वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले, या वेळी टॅमनीच्या विरोधात. टॅमनीचा उमेदवार ह्यू ग्रँट, तोही आयरिश, तोही कॅथलिक. त्यामुळं चार वर्षांपूर्वी ज्या धर्मावर रान पेटलं होतं तो मुद्दाच उरला नाही. लढत झाली ती पक्षाची यंत्रणा विरुद्ध स्वच्छ कारभार अशी. अध्यक्षपदासाठी ग्रोव्हर क्लीव्हलंड उभे होते आणि टॅमनीला ते नकोसे होते. ग्रेस क्लीव्हलंड यांच्या बाजूनं उतरले. क्लीव्हलंड यांनी न्यू यॉर्क राज्य हजारभर मतांनी जिंकलं आणि त्याच्या जोरावर अध्यक्षपद मिळवलं. शहरात ग्रेस जिंकले.

आणि आता हात मोकळे झाले होते. त्याच वर्षी विधिमंडळातल्या एका तरुण रिपब्लिकन सदस्यानं कायदा करून महापौराच्या नेमणुकांवरचा नगरसेवकांचा अंकुश काढून टाकला होता. त्या तरुणाचं नाव थिओडोर रूझवेल्ट. पक्ष विरुद्ध, पण या कायद्याचा पहिला उपयोग झाला तो ग्रेस यांना.

[दृश्य : इझेर जहाज न्यू यॉर्क बंदरात. लाकडी पेट्या. तांब्याच्या पत्र्याचे सुटे भाग.]

जून १८८५ मध्ये फ्रान्सहून इझेर हे जहाज आलं. पोटात २१४ पेट्या, आणि पेट्यांत तुकड्या-तुकड्यांनी भरलेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. शहराच्या वतीनं त्याचं स्वागत करणारा महापौर ग्रेस. पुढच्या वर्षी २८ ऑक्टोबरला पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हाही तेच महापौर होते. बंदरात शिरणाऱ्या लाखो स्थलांतरितांना पुढं हा पुतळा सर्वांत आधी दिसला. त्यांच्यासारखाच परदेशातून आलेला माणूस त्या वेळी शहराचा प्रमुख असावा, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

१८८५ मध्येच, २३ जुलैला, माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट वारले. कुटुंबाची अट एक : पुढं पत्नीलाही शेजारीच जागा मिळाली पाहिजे. वेस्ट पॉइंटच्या लष्करी दफनभूमीत ते शक्य नव्हतं. ग्रेस यांनी लगेच शहरातल्या उद्यानात जागा देऊ केली, हडसन नदीकाठचं रिव्हरसाइड पार्क ठरलं, आणि स्मारकासाठी वर्गणी जमवायला त्यांनीच पुढाकार घेतला. मॅनहॅटनमधली ग्रँट यांची समाधी ती हीच.

१८८६ मध्ये त्यांनी शिक्षण मंडळावर दोन स्त्रियांची नेमणूक केली, ग्रेस डॉज आणि मेरी ॲग्न्यू. न्यू यॉर्कच्या शिक्षण मंडळावर त्याआधी स्त्री कधी बसलीच नव्हती. शाळांमध्ये शिकवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच, आणि त्यांच्याबद्दल ठरवणारे सगळे पुरुष. सहा वर्षांपूर्वी हा माणूस शाळांचं वाटोळं करील म्हणून मतं मागितली गेली होती. त्यानं शाळांच्या बाबतीत जे केलं ते हे.

तिसऱ्यांदा ते उभे राहिले नाहीत.

[दृश्य : आंडीजमधली रेल्वे, टिटिकाका सरोवरावरची आगबोट.]

युद्धानं पेरू पार कंगाल झालं होतं. ग्वानो संपत आलेला, आणि इंग्लंडमधल्या रोखेधारकांचं सुमारे पाच कोटी पौंडांचं देणं डोक्यावर. यातून तोडगा काढायला मायकल ग्रेस वर्षानुवर्षं झटत राहिले. १८९० मध्ये अमलात आलेला तो तोडगा पेरूच्या इतिहासात ‘ग्रेस करार’ म्हणून ओळखला जातो. देणं माफ, पण बदल्यात देशाची रेल्वे ६६ वर्षांसाठी रोखेधारकांच्या कंपनीकडं, वर तीस लाख टनांपर्यंत ग्वानो, आणि टिटिकाका सरोवरात बोटी चालवण्याची मोकळीक. पेरूमध्ये आजही याबद्दल दोन मतं आहेत. बुडालेल्या देशाला उभं राहायला हात मिळाला, असं काही म्हणतात. देशच गहाण टाकला, असं काही. रेल्वे बांधायला सामान पुरवून ग्रेस यांनी पैसा केला, आणि त्याच रेल्वेचा सौदा घडवूनही केला. पेरूच्या माणसाला ते टोचत असेल तर नवल नाही.

[दृश्य : शिवणयंत्रांच्या रांगा, टाइपरायटरवर बसलेल्या तरुणी.]

१८९७ मध्ये विल्यम आणि मायकल यांनी मॅनहॅटनमध्ये ग्रेस इन्स्टिट्यूट काढलं. मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी, पूर्णपणे मोफत. शिवणकाम, स्वयंपाक, लघुलेखन, टंकलेखन. चालवायला कॅथलिक सिस्टर्स, पण प्रवेशाला धर्माची अट नाही. ज्या शहरात घरकाम सोडून आयरिश मुलीला दुसरी वाट क्वचितच मिळे, तिथं टाइपरायटर येत असेल तर कचेरीत बसून पगार मिळू शकत होता. दान म्हणून पैसे वाटणं ग्रेस यांना जमलं असतं, त्यांच्या वर्गातले बरेच जण तेच करत. त्यांनी हाताला काम येईल अशी सोय केली. ही संस्था पुढं अनेक दशकं चालली आणि हजारो स्त्रिया तिथून शिकून कामाला लागल्या.

२१ मार्च १९०४ रोजी न्यू यॉर्कमध्ये विल्यम ग्रेस वारले. ब्रुकलिनमधल्या होली क्रॉस दफनभूमीत त्यांना पुरलं. व्यवसाय आधी नात्यातल्या मंडळींनी आणि मग मुलगा जोसेफ यानं चालवला. कंपनीनं पुढं जहाजांची मोठी वाहतूक उभारली. १९२९ मध्ये पॅन अमेरिकनच्या भागीदारीत दक्षिण अमेरिकेच्या त्याच पश्चिम किनाऱ्यावर विमानसेवा सुरू केली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती हळूहळू रसायनांच्या धंद्यात शिरली आणि जहाजांमधून बाहेर पडली. चिंचा बेटांवर समुद्रपक्षी अजून आहेत. पेरू सरकारच्या देखरेखीखाली, ठरावीक वर्षांच्या अंतरानं, तिथं आजही हातानं ग्वानो काढला जातो.

[श्रेयनामावली]